हळदीने माखलेल्या पाठी

माझी पहिली चप्पल हरवली ती हट्टा गावी, एका लग्नात. मंडपात दोन पायांनी गेलो, दोन पायांनीच बाहेर आलो, पण चप्पल एकच. डावी गायब. लग्नात चपला जातातच, त्यात नवल नाही. पण चोर जोडी नेतो. एकटी डावी घेऊन तो काय तिच्याशी संसार मांडणार? मग दुसरी गेली, शेतातून घरी येताना. तिसरी वसमतच्या एसटीत. पुढच्या वेळी बायकोनं मागून हाक मारली, "अहो, चप्पल हितंच राहिली की!" मी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी, धुळीत, आणि चप्पल मागं उताणी पडलेली. पाय माझा, चप्पल माझी. दोघांचं भांडण होऊन ती घर सोडून गेली तरी मालकाला खबर नाही.

मी वाढवून सांगत नाही, तो माझा स्वभावच नाही. पण त्या वर्षी आमचं कुरुंदा गाव ते वसमत या रस्त्यावर माझ्या इतक्या डाव्या चपला सांडल्या, की कडेच्या बाभळींनी मनावर घेतलं असतं तर त्या पायात घालून बाजाराला गेल्या असत्या.

परभणीतून हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा निघाला होता. नवा जिल्हा उभा राहू लागला आणि मी बसू लागलो. मागाहून कळलं की जिल्ह्याच्या जोडीनं माझ्या मणक्यातही एक नवा तालुका निघाला होता आणि त्यानं खालच्या सगळ्या गावांचा वीजपुरवठा तोडला होता.

तोवर मी कोण होतो, हे सांगायला हवं. मारुतीच्या देवळासमोर एक गोल दगड आहे, त्याला आम्ही गोटी म्हणतो. पोरगं मिसरूड फुटल्यावर ती गोटी गुडघ्यापर्यंत उचलतं, जवान गडी छातीपर्यंत. मी खांद्यावर घ्यायचो. घेऊन देवळाला फेरी मारायचो. मारुती आतून बघायचा आणि शेंदराखाली त्याला घाम फुटायचा. खोटं वाटत असेल तर मारुतीला विचारा, तो अजून तिथंच आहे.

असा मी, आणि आता रस्त्यानं सरळ चालता येईना. पायांत मुंग्या, मांडीत आग, पाठीत अशी कळ की आडवं झालं की वाढायची. म्हणून मी भिंतीला टेकून, बसून झोपायला लागलो. चालताना पाय कुठं पडतो ते बघूनच टाकावा लागे. गावाला वाटलं, गडी प्यायला लागला. दारूच्या थेंबाला न शिवता दारूड्याची कीर्ती मिळवणारा तालुक्यातला मी पहिलाच असेन.

घरात हे सगळ्यांत आधी ओळखलं ते धाकट्या बहिणीनं. वडील आमचे लवकर गेले. त्यांच्या मागं मी तिला वाढवलं, असं मी सांगतो. तिनं मला वाढवलं, असं गाव सांगतं. तिचं लग्न कळमनुरीच्या एका मास्तराशी ठरलं होतं. सुपारी फुटली होती. हळद निघाली, शिजली, वाळली, पॉलिश झाली की तारीख काढायची. कुरुंद्यात सगळी कामं हळदीनंतर होतात; आमच्याकडं माणसं मरायचीसुद्धा हळद उरकण्याची वाट बघतात.

बहीण म्हणाली, "दादा, तुझा पाय तुझ्या ताब्यात न्हाई. नांदेडला चल."

"काही झालं न्हाई. नस दबली असंल."

"नस दबली तर काहून दबली ते बघू. चल."

नांदेडला मला एमआरआयच्या मशीनीत घातलं. पांढऱ्या बोगद्यात सरकवलं आणि सुरू झाला खडखडाट. हळद पॉलिश करायचा लोखंडी ड्रम असतो, आत हळकुंडं घालून गरागरा फिरवतात, साल निघून पिवळंधमक हळकुंड बाहेर पडतं. तोच आवाज. फरक एवढाच, की ड्रम जागेवर आणि हळकुंड मी. जन्मभर ज्यांना त्या ड्रममध्ये घातलं, त्या सगळ्या हळकुंडांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडासमोर धरली. मेंदूतून निघून पाठीच्या कण्याच्या नळीतून खाली जाते ती मुख्य दोरी, तिला मज्जारज्जू म्हणतात, असं ते म्हणाले. त्या दोरीला खेटून एक पांढरा ठिपका होता, लांबट. बोटानं दाखवून म्हणाले, "ही गाठ. बहुतेक साधी असावी, कॅन्सरची वाटत नाही. पण जागा वाईट. नळी अरुंद, गाठ वाढतेय, दोरी दबतेय. काढावी लागेल. उशीर केला तर दोन्ही पाय जातील. हैदराबादला जा."

मी नीट पाहिलं. आकारानं थेट हळकुंड. आमच्या घराण्यानं इतकी वर्षं जमिनीत हळद लावली, आता जमीन संपली म्हणून पाठीत लावली, असं मी म्हणालो. डॉक्टर हसले. बहीण हसली नाही.

"कशानं झालं, साहेब?" तिनं विचारलं.

"ते हैदराबादवाले काढल्यावर सांगतील," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरनं सांगितलं नाही, म्हणजे ते काम गावावर आलं. दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. आमच्याकडं दुखणाइताला भेटायला जाताना दोन गोष्टी न्यायची रीत आहे. एक, बिस्किटाचा पुडा. दोन, त्याच आजारातून खडखडीत बरा झालेला एक माणूस. म्हणजे त्याची गोष्ट. "काही भ्यायचं न्हाई, माझ्या साडूला हेच झालं व्हतं, आता नांगर हाकून राहिला." असा साडू नसला तर तयार करावा, पण रिकाम्या हातानं जाऊ नये. पुडा एक वेळ विसरला तरी चालतो.

तर पुडे आले, साडू आले आणि सोबत कारणंही आली. एक म्हणे, गोटी उचलून मणका सरकला. दुसरा म्हणे, हळदीच्या कढईपाशी घाम काढून वर गार पाणी पिलास, ते पाठीत गोठलं. तिसरीनं नजर लागल्याचं सांगितलं आणि ती कोणाची हेही सांगितलं. तेवढ्यात ती बाईच बिस्किटं घेऊन दारात उभी राहिली. मला स्वतःला गोटीचं कारण फार आवडलं होतं. आजार व्हावा तर असा, सांगताना छाती फुगावी.

असेच एके दिवशी कळमनुरीचे पाहुणे आले होते. पाहुणे म्हणजे मास्तराचे वडील, बहिणीचे होणारे सासरे. भारदस्त माणूस, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. माझी विचारपूस करून चहा घेत बसले होते आणि त्याच वेळी माझे चुलते आत आले.

वडलांच्या मागं घरातलं मोठं माणूस म्हणजे हे चुलते. माणूस सोन्यासारखा, आवाज मात्र लाऊडस्पीकरचा, कारण कानानं थोडे कमी, असं गाव म्हणे. ते घाईघाईत आले आणि पुडा विसरून आले. रिकाम्या हातानं पुतण्याकडं आलो, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली असावी. मग दुसऱ्या बाजूनं भरपाई करायची म्हणून त्यांनी साडू-मेव्हणा असला किरकोळ माल काढलाच नाही. थेट घरातलं माणूस काढलं.

"लेका, तू काहून तोंड पाडून बसला?" ते गरजले. "पाठीला गाठ हाय म्हणं? आरं, आपल्या बाबांच्या पाठीला बी व्हती! ही एवढी! तुझा आजा त्या गाठीसकट म्हातारा झाला, त्या गाठीसकट दोन बायका केल्या! आपल्या घराण्यात हे हायेच!"

शेवटचं वाक्य त्यांनी अशा अभिमानानं म्हटलं, जसं काही आमच्या घराण्यात पाटीलकी आहे.

पाहुण्यांची बशी तोंडाजवळ गेली होती, ती तिथंच थांबली. "घराण्यात हाय?" त्यांनी विचारलं.

"पिढीजात!" चुलते म्हणाले. त्यांना वाटलं, पाहुणे भारावले.

पाहुण्यांनी चहा संपवला. टोपी सारखी केली. बहिणीकडं एकदा बघितलं, आणि उठताना मला म्हणाले, "बराबर ऑपरेशन करून घ्या. तारखेचं काय, मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय, हे आमच्या भागात लहान लेकरालाही समजतं. नाही म्हणायचं नसेल पण हो म्हणायला जीभ वळत नसेल तेव्हा ते म्हणतात. पाहुणे काही दुष्ट नव्हते. आपल्या घरात पोरगी आणायची, उद्या नातवंडांच्या पाठीत तीच गाठ निघाली तर? कोणताही बाप हाच विचार करील. माझ्या गाठीचं कारण काय, हा प्रश्न तोवर गावाला विरंगुळा होता. त्या संध्याकाळपासून माझ्या बहिणीचं लग्न त्याच्यावर टांगलं गेलं.

मी एक शक्कल काढली. बहिणीला म्हणालो, "ऑपरेशन लांबणीवर टाकतो. आधी लग्न उरकू. मी कुबडी-बिबडी न घेता चालून दाखवतो, म्हणजे त्यांच्या मनातलं जाईल."

"चालून दाखवतो? कुठवर? दारापर्यंत?"

"मांडवापर्यंत तर जाईन की."

"अन डॉक्टर काय म्हणले? उशीर केला तर दोन्ही पाय जातील, म्हणले ना?" ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "हे बघ दादा. तुझे पाय आधी. लग्नाचं काय, मास्तर कुठं पळून जात न्हाई. त्याच्या दोन्ही चपला जागेवर हायेत."

एवढं बोलून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिचे डोळे मी पाहिले नाहीत. पण त्या दिवशीच्या भाकरी खारट होत्या, आणि मीठ कोणी घातलं नव्हतं.

नांदेडहून रेल्वेनं हैदराबादला गेलो. सोबत बायको आणि बहीण. तिथले मोठे डॉक्टर उंचेपुरे, हसरे, बोलणं सगळं तिकडच्या दखनी हिंदीत. त्यांनी मला टाळूपासून तळव्यापर्यंत तपासलं. कातडीचा कोपरा न् कोपरा बघितला, कानाजवळ चिमट्यासारखा एक काटा वाजवून ऐकू येतं का विचारलं, हाताची बोटं, मान, बगल, सगळं. मी म्हणालो, "साहेब, गाठ पाठीत हाय." ते म्हणाले, "मालूम है पैलवान. तुम्हारे पास और कितने माल छुपा के रखे, वो देख रऊं."

पाठ उघडली, हाडाची कमान कापली आणि ते हळकुंड शाबूत काढलं. शुद्धीवर आलो तेव्हा नर्सनं डाव्या तळव्यावर चावीचं टोक ओढलं. महिन्यांमागून महिने त्या तळव्याला काही कळलं नव्हतं. चावी टेकली मात्र, आणि मी अशी आरोळी ठोकली की सिकंदराबादच्या स्टेशनात उभी असलेली गाडी गार्डची शिट्टी समजून सुटली. वॉर्डातले सगळे घाबरले. मी रडत होतो आणि हसत होतो. गुदगुल्या झाल्या होत्या हो, गुदगुल्या!

गाठ तपासणीला गेली होती, तिचं उत्तर आल्यावर डॉक्टर पलंगाशी येऊन बसले. "गाठ गरीब है. कैंसर-वैंसर कुछ नहीं. बस, गरीब आदमी गलत जगह घर बांध के बैठ गया था."

बहिणीनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. "कशानं झाली, साहेब?"

त्यांनी समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. मोटारीच्या वायरीवर जसं रबराचं कव्हर असतं, तसं प्रत्येक नसेवर एक आवरण असतं. ते आवरण बारीक बारीक पेशींचं. त्या पेशी जुन्या झाल्या की आपली नक्कल काढून नव्या तयार करतात. त्यातली एखादी नक्कल काढताना चुकते आणि थांबायचं विसरते. वाढत राहते, हळूहळू, वर्षानुवर्षं. तीच गाठ. असं फार थोड्यांना होतं. का चुकते? ठाऊक नाही.

"पत्थर उठाने से?" मी आशेनं विचारलं.

"नहीं."

"लई मोठा पत्थर था, साहेब."

"तो भी नहीं. ठंडे पानी से नहीं, नजर से नहीं. किसी ने कुछ नहीं करा. बस हो गया."

माझी गोटी वाया गेली. इतक्या वर्षांच्या मर्दुमकीचा असा पंचनामा मी पहिल्यांदाच ऐकला.

पण बहीण अजून उठली नव्हती. "घराण्यात असतं का, साहेब? पिढीजात?"

"कुछ घरानों में रहता, बेटा," डॉक्टर म्हणाले. "लेकिन वो अलग चीज है." तसल्या घराण्यात सहसा एक गाठ नसते, पुष्कळ असतात. कातडीखाली मऊ गाठी येतात, अंगावर चहाच्या रंगाचे डाग असतात, कोणाकोणाचे कमी वयातच दोन्ही कान जातात. "तुम्हारे भाई में ऐसा कुछ नहीं. एकच गाठ, वो भी अंदर, हड्डी की नली में. मैं पूरा देखा." बहिणीनं मान डोलावली. ती एकेक शब्द असा गिळत होती, जसं काही परीक्षेला बसायचं आहे.

आणि बसलीच. परत आल्या आल्या तिनं एसटीडीवरून कळमनुरीला मास्तरांना फोन लावला आणि डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. मास्तर आधीपासूनच तिच्या बाजूनं होते. पण बापापुढं बोलायचं म्हटलं की वर्गातल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसत. त्यांनी धीर करून वडलांना सांगितलं. वडील म्हणाले, "चहाच्या रंगाचे डाग म्हणतेत? बरं. मग बघू."

फरक एवढाच की या वेळी ते खरंच बघायला आले.

आले, पण कधी? ऐन हळद पॉलिशच्या दिवशी. खळ्यात ड्रम फिरत होता, आमचे सगळे चुलतभाऊ उघड्या अंगानं आळीपाळीनं त्याचा दांडा फिरवत होते आणि पिवळा धुरळा असा उसळला होता की कावळा वरून गेला तर हळद्या पक्षी होऊन पलीकडं उतरत होता. मी खाटेवर, काठी शेजारी. पाहुणे आणि मागं मान खाली घातलेले मास्तर फाटकातून आत आले तेव्हा त्यांच्यासमोर आमचं पूर्ण घराणं हळद लागलेल्या नवरदेवांसारखं उभं होतं.

पाहुण्यांनी हेतू सांगितला. चुलत्यांना उमगलं की आपल्या एका दिलाशानं केवढा घोटाळा झाला आहे. त्यांनी लगेच आरोळी ठोकली, "रांगंनं उभं ऱ्हावा रे! पाठी करा पाव्हण्याकडं!"

घराणं वळलं. पाहुण्यांनी चष्मा लावला. पहिली पाठ पिवळी, तिच्यावर घामाचे तांबूस ओघळ. दुसरी पाठ पिवळी, मध्ये तपकिरी ठिपके. तिसरीवर भावानं भावाला मारलेल्या धपाट्याची पाचही बोटं. चहाच्या रंगाचा डाग शोधायचा तर पाठ निदान दुधाच्या रंगाची पाहिजे. इथं सगळा मामला शिऱ्याचा.

"हा डाग हाय का हळद?" पाहुण्यांनी बोटानं पुसून बघितलं. बोट पिवळं झालं. त्याच बोटानं त्यांनी चष्मा वर सारला, आणि मग त्यांना जगात सगळीकडं डागच दिसू लागले.

"धुऊन या!" चुलते ओरडले. सगळे ओढ्यावर पळाले. साबण लावला, नारळाच्या काथ्यानं घासलं, विटकरीच्या तुकड्यानंही घासलं. पण हंगामातली हळद आणि सासूचा शब्द असे धुऊन जात नाहीत. परत आले तेव्हा कुठं पिवळे, कुठं लाल, कुठं सालटं निघालेले. एकही माणूस एका रंगाचा नव्हता. ओढ्याचं पाणी खालच्या गावाला पोचलं तेव्हा तिथल्या बाया म्हणे हातातली धुणी टाकून विचारायला लागल्या, कुरुंद्यात आज कोणाची हळद हाय?

पाहुणे आणखी गंभीर झाले. मुलाकडून ऐकलेलं डॉक्टरांचं कानाबद्दलचं बोलणंही त्यांना आठवलं. चुलत्यांकडं वळून म्हणाले, "काका, तुमाला कमी ऐकू येतं म्हणं?"

"आँ?" चुलते म्हणाले.

मास्तरांचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा झाला. पाहुण्यांनी पुन्हा, मोठ्यानं विचारलं, "ऐकू कमी येतं का?"

"आँ?"

तेवढ्यात पार मागच्या दारातून चुलती बारीक आवाजात कोणाला तरी म्हणाली, "भजी झाली गं."

"आलो!" म्हणत चुलते उठले.

सगळं खळं हसलं. चुलतीनं आतूनच सांगितलं, "पाव्हणं, त्यांचे कान जन्मापासून ठीक हायेत. मी काम सांगितलं की तेवढ्यापुरते जातेत." चुलते लाजले, पण पुतणीसाठी तेवढी अब्रू गेली तर गेली, असा चेहरा करून बसून राहिले. भजी मात्र मागवून घेतली.

पाहुण्यांच्या ओठांच्या कडेला हसू येऊन गेलं, ते त्यांनी मिशीखाली दाबलं. "कानाचं सोडा. पाठींचं काही समजंना. अन आज्याची गाठ तर खरी व्हती ना?"

ती पाठ आता दाखवायला कुठून आणायची? आजोबा जाऊन किती वर्षं झालेली. तेव्हा चहाचा ट्रे घेऊन बहीण पुढं आली. चहा ठेवला. पाहुण्यांपुढं सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, आता तुमची पाठ दाखवा."

चुलत्यांच्या तोंडातलं भजं तिथंच राहिलं.

"माझी?" पाहुणे म्हणाले.

"सोयरीक दोन घरांची हाय. उद्या लेकरं झाली तर निम्मी पाठ तुमच्याकडून यायची. एकाच घराची बघून कसं चालंल?"

पाहुण्यांनी मुलाकडं पाहिलं. मास्तर शेवटच्या बाकावरून उठल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "बराबर बोलली ती, बाबा." बहुधा आयुष्यातलं त्यांचं बापासमोरचं पहिलं पूर्ण वाक्य.

पाहुणे माणूस न्यायाचा. टोपी काढून ठेवली, सदऱ्याची बटणं सोडली, बंडी वर केली. पाठ गोरीपान, स्वच्छ, आणि मध्ये उजव्या बाजूला, लिंबाएवढी, टुमटुमीत एक गाठ.

चुलते खाटेवरून उडी मारून धावले. भज्याच्या हातानंच ती गाठ चाचपली आणि त्यांचे डोळे भरून आले. "अगं माय! बाबा! आमच्या बाबांची गाठ! हीच जागा! अशीच बोटाखाली सरकायची! आमी लेकरं हिच्याशी खेळायचो की रे!" आणि त्यांनी पाहुण्यांना मागून अशी मिठी मारली, जसा काही हरवलेला बाप कळमनुरीत सापडला.

"सोडा हो! ही चरबीची हाय!" पाहुणे ओरडले. "डॉक्टरनं सांगितलंय, कातडीखाली चरबी साचते, काही व्हत न्हाई. तरणा व्हतो तवापासून हाय!"

"काका," बहिणीनं शांतपणे विचारलं, "आजोबांची नक्की अशीच व्हती? वरून दिसायची? सरकायची?"

"अशीच! बोरासारखी पळायची!"

"मग मामा, आजोबांची बी चरबीचीच म्हणायची. दादाची तर आत व्हती, हाडाच्या नळीत. वरून दिसली असती तर त्याला नांदेडच्या मशीनीत कशाला घातला असता?"

पाहुण्यांनी बंडी खाली केली. बटणं लावायला त्यांनी फार वेळ घेतला. एवढा वेळ मी आयुष्यात कशाची वाट पाहिली नाही, ऑपरेशनच्या टेबलावरही नाही. बहीण रिकामा ट्रे छातीशी घट्ट धरून उभी होती. तेव्हा मला समजलं की आत्तापर्यंतचं सगळं बोलणं तिनं भीती आत दाबून रेटलं होतं.

शेवटी टोपी डोक्यावर ठेवून ते मुलाला म्हणाले, "हिच्यापुढं तुझं काय चालायचं, मास्तर? आतापासूनच हो म्हणायची सवय लावून घे." मग माझ्याकडं वळून, "तारीख काढा. अन माझ्या पाठीचं कळमनुरीत कोणाला बोलू नका."

"पाव्हणं," चुलते पुढं सरसावले, "पण तुमाला ही गाठ झाली कशानं म्हणावी? बसून बसून तर न्हाई? का उलट्या अंगावर झोपता?" आणि सगळं घराणं पाहुण्यांभोवती गोळा झालं. प्रत्येकाकडं एक कारण होतं. एक चुलतभाऊ तर घरात जाऊन बिस्किटाचा पुडाही घेऊन आला.

लग्न मे महिन्यात लागलं, आमच्याच खळ्यात. अंगाला लावायला हळद विकत आणायची नव्हती. उलट लोकांच्या अंगावरून खरवडून घेतली असती तरी पुरली असती. कान पिळायला मी काठी बाजूला ठेवून उभा राहिलो. नवरदेवाचा कान धरून हळूच म्हणालो, "दाजी, ऐकू येतंय का?" ते म्हणाले, "मेव्हणे, जरा हळू पिळा. आमच्या घराण्यात कान नाजूक असतात."

डाव्या पायाच्या करंगळीला अजून काही समजत नाही, ती तेवढी रुसलेलीच आहे. बाकी पाय माझा झाला. गाठ कशानं झाली ते गावात अजून ठरलेलं नाही; गोटीचं कारण मी अधूनमधून पुढं करतो, पण बहिणीचा धाक असल्यानं ती माहेरी आलेली असताना नाही.

तर लग्नाच्या दिवशी दुपारी पाठवणी. बहीण जीपमध्ये बसली, बाया रडत होत्या, मी तिला सोडायला मांडवातून बाहेर पडलो आणि पायात घालायला गेलो तर चपला नाहीत. डावी नाही, उजवीही नाही. जीप सुटायला लागली म्हणून तसाच अनवाणी धावलो. मे महिन्याची आमची माती म्हणजे तापलेली कढई. चटका बसला, आधी उजव्याला, मग डाव्याला. डाव्यालाही!

मी जागच्या जागी नाचायला लागलो. बहिणीनं रडता रडता जीपमधून डोकं बाहेर काढलं. "दादा, चपला कुठं रे?"

"चोरीला गेल्या!" मी सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असं ओरडलो. "जोडी गेली, जोडी!"